हिवाळ्यातला कूलर

भाऊ सिनेमा डोळे मिटून पाहायचे. तिकीट काढून चांगली मधली जागा धरायचे, पडद्यावर पहिली पाटी आली की चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. शेजारच्यांना वाटे, म्हातारा झोपायला आला आहे. थंड हॉलमध्ये दुपारची झोप काढायला येणारे लोक आमच्या नागपुरात उन्हाळ्यात पुष्कळ, त्यामुळे कोणी काही म्हणत नसे. पण भाऊ जागे असत. ऐकत असत. मध्येच माझ्याकडे झुकून म्हणत, "हा बाईनं लिहिला आहे." किंवा, "दोघांनी लिहिला आहे अन् दोघांचं जमत नाही." घरी येऊन मी फोनवर नावं शोधायची आणि बहुतेक वेळा भाऊंचं बरोबर निघायचं. चुकलं तर म्हणायचे, नावं चुकीची छापली असतील.

त्यांचं म्हणणं असं, की पटकथा लिहिणाऱ्याला तोंड नसतं. नट दिसतो, दिग्दर्शकाचं नाव मोठ्या अक्षरात येतं, लिहिणारा कुठेच नसतो. "पण डोळे मिटले का त्याचा आवाज येते," ते म्हणत. "आला पाह्यजे. नाही आला तं त्यानं लिहिलंच नाही." त्यांची इच्छा एकच होती. कुठल्यातरी अंधाऱ्या हॉलात डोळे मिटून बसलेल्या एका तरी माणसाला कळावं, की हे प्रताप नगरच्या भाऊंनी लिहिलं आहे. बाकी आपल्याला काही नको, असं ते सांगायचे. वर्तमानपत्रात फोटोही हवा होता, पण ते मला त्यांच्या बायकोकडून, माईंकडून कळलं.

मी तेव्हा नुकतीच सासर सोडून बाबांकडे परत आले होते आणि चौकातल्या एका टायपिंगच्या दुकानात लग्नपत्रिका, भाडेकरार, बारशाची आमंत्रणं असं काय येईल ते टाइप करत होते. भाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांसाठी लिहायचे, पुढे पटकथांकडे वळले. कॉलेजातल्या मुलांनी त्यांच्या एकदोन गोष्टींवर छोट्या फिल्मा केल्या होत्या, बाकी सगळं लोखंडी पेटीत. ते दुकानात पानांचा गठ्ठा घेऊन आले, पण अक्षर असं, की त्यांचं त्यांनाही लागेना. शेवटी वैतागून म्हणाले, "मी बोलतो, तू ठोक." तेव्हापासून दुकान दुपारचं बंद झालं, की मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्या दुपारी मला आजही पुरत्या जागेपणी घालवल्यासारख्या आठवत नाहीत. खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर, ओल्या वाळ्याचा वास, खोलीत मुद्दाम केलेला अंधार. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या काचेवर पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. भाऊ अनवाणी येरझारा घालत बोलायचे, मी ठोकायची, माई पलंगावर आडव्या. कधी मला डुलकी लागायची आणि बोटं आपोआप चालत राहायची. नंतर वाचताना कळायचं नाही, की हे भाऊ बोलले होते की मी स्वप्नात पाहिलं. भाऊंना ते फार आवडायचं. म्हणायचे, ज्या पानावर टायपिस्ट झोपली ते पान बरं उतरलं.

आमच्या भागात विमानं घरावरून जातात. इथल्या माणसांना एक सवय लागलेली असते. विमान आलं की बोलता बोलता थांबायचं, ते गेलं की पुढचं वाक्य उचलायचं. पाहुणे गोंधळतात, आम्हाला काही वाटत नाही. भाऊ मात्र पटकथा सांगताना थांबत नसत. विमान डोक्यावर असलं तरी त्यांची जीभ चालूच. मला नुसते ओठ दिसायचे. मी म्हणायची, भाऊ, मधलं गेलं, पुन्हा सांगा. ते साफ नाही म्हणायचे. "जे विमानानं नेलं ते गेलं. पुन्हा सांगितलं तं ते दुसरंच होते." त्यांच्या कितीतरी पटकथांत त्यामुळे खड्डे आहेत, आणि ते त्यांनी तसेच ठेवले.

भाऊ 'दृश्य बदलते' असं कधी लिहीत नसत. एक दृश्य संपलं, की 'मग'. मधे वर्षं गेली, की 'मग मग'. दुसऱ्या गावी काय चाललंय ते सांगायचं, की 'तिकडे'. मी सुरुवातीला शहाणपणा करून इंटरनेटवरून पटकथेचा नमुना काढून आणला होता. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला, चांगला आहे म्हणाले, आणि माईंना पोळ्यांच्या डब्याखाली घालायला दिला. आणि त्यांच्या दृश्यांच्या मधल्या ओळी! 'आई भाजी चिरते. चिडलेली आहे, पण भाजीवर नाही.' 'बाई पदर सावरते. गरज नव्हती.' 'तो हसतो. हसायला नको होतं.' मी विचारलं, हे कॅमेऱ्यात दिसणार कसं? ते म्हणाले, "कॅमेऱ्याले नाही दिसलं तं चालते. नटीले दिसलं पाह्यजे."

त्यांच्या पटकथांतल्या सगळ्या बायका माईंसारख्या बोलायच्या. कलेक्टरीण असो की कुंभारीण, दोन वाक्यांनी माई निघायच्या. माई पलंगावरून ऐकायच्या आणि कधीकधी दुरुस्तीही करायच्या. "मी असं नाही बोल्ली होती," असं त्या म्हणाल्या, की भाऊ पडेल चेहऱ्याने विचारायचे, मंग कसं? माईंची माझ्याकडे तक्रार असायची, की या माणसापुढे तोंड उघडायची चोरी झाली आहे. तक्रार करताना त्या जरा सावरून, नीट शब्द निवडून बोलायच्या, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

कूलरचं प्रकरण पहिल्याच आठवड्यात झालं. भाऊंनी सांगितलं: 'बाप विचारतो, जेवला काय? पोरगा बोलत नाही. कूलर.' मी ठोकलं. पुढचं दृश्य नदीकाठचं. 'बाई पाण्याकडे पाहते. कूलर.' मी थांबले. म्हटलं, भाऊ, नदीवर कूलर कुठून आला?

ते येरझारा थांबवून माझ्यापुढे उभे राहिले. "मंग काय लिहू? शांतता? तू कधी शांतता आयकली काय? मी तं नाही आयकली. मी अन् माई गप्प झालो का मले कूलर आयकू येते. उन्हाळा असो का नसो."

लग्नानंतर एका खोलीत राहत असताना त्यांचं पहिलं मोठं भांडण झालं, तेव्हा दोघं दोन भिंतींकडे तोंड करून पडले होते आणि मध्ये नवाकोरा कूलर चालू होता. भाऊंना तेव्हा वाटलं, की आता हा बंद पडला तर आपलं काही खरं नाही. त्यांनी हे मला इतक्या हळू सांगितलं, की मी पुढे काही विचारलं नाही. पलंगावरून माई म्हणाल्या, "भांडण मीच काढलं होतं अन् कूलरबी मीच लावला होता. तेबी लिहा." तर भाऊंच्या पटकथांत जिथे दुसरे लोक 'क्षणभर शांतता' लिहितात, तिथे 'कूलर' असायचा. जंगलात, देवळात, दवाखान्यात, कुठेही. मला त्याची इतकी सवय झाली, की दुकानात एका लग्नपत्रिकेत 'आपले विनीत' नंतर माझ्या हातून 'कूलर' टाइप झालं होतं. छपाईआधी सापडलं म्हणून बरं.

त्यांची सगळ्यात आवडती पटकथा रामटेकजवळच्या एका गावातली. बाप गेल्यावर भाऊ-बहीण घर आवरायला येतात. हिवाळा आहे, धान कापून झालं आहे, बांध्या, म्हणजे भातखाचरं, रिकाम्या. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही. भांडी काढतात, गोधड्या झटकतात, बापाच्या चपला कोणी उचलायच्या यावर अडतात. शेवटाकडे भाऊ विचारतो, बाबा गेले तेव्हा तू काहून नाही आली? बहीण उत्तर देत नाही. कूलर. बस, एवढंच. सगळ्या पटकथेत कूलर एकदाच, इथेच. या जागेसाठी सगळी पटकथा लिहिली, असं भाऊ म्हणत. माईंचा भाऊ गेला तेव्हा माईंना जाता आलं नव्हतं, हे मला फार नंतर समजलं.

ती पटकथा मुंबईच्या एका निर्मिती संस्थेला आवडली. भाऊ हरखून गेले. आठवडाभर ते गल्लीत नुसतेच उभे राहायचे, कोणी विचारावं म्हणून. मग तिथल्या मिताली नावाच्या मुलीचा फोन आला. मुलगी गोड होती, मनापासून बोलत होती. तिने सांगितलं, गोष्ट फार सुंदर आहे, फक्त दोन बदल हवेत. भाषा सगळ्यांना समजेल अशी करायची आणि ज्या ओळी कॅमेऱ्याला दिसत नाहीत त्या काढून टाकायच्या. म्हणजे भाजीवरचा राग गेला, पदर गेला, 'मग' गेला, 'काहून' गेलं. भाऊ फोन हातात धरून बसले. वरून एक विमान गेलं. ते पूर्ण गेल्यावर भाऊ म्हणाले, "नाही जमत, बेटा."

त्यानंतर ते दोनचार दिवस नीट जेवले नाहीत. वय झालं होतं, छातीत मधूनमधून कळ यायची, आणि ही पटकथा गेली तर दुसरी कुणी मागायला येणार नाही हे त्यांना कळत होतं. पण होऊ दिली तर पडद्यावर आपलं म्हणून काय राहणार? मला त्यांची फार दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. शेवटी माई बोलल्या. "होऊ द्या न हो. पोट्टी सासरी गेली का नाव बदलून टाकतेत. चालणं तं तिचंच राह्यते न?" मग भाऊ मला म्हणाले, मितालीला कळव, काय काढायचं ते काढा, फक्त मला दाखवू नका.

त्यांनी खरंच काही पाहिलं नाही. चित्रीकरणालाही गेले नाहीत. रामटेक काही परदेशात नाही, पण गेले नाहीत. सिनेमा तयार झाला आणि नागपूरच्या एका मॉलमध्ये दुपारच्या खेळाला लागला, तेव्हा आम्ही गल्लीतले बरेच जण गेलो. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. पाटी आली, चष्मा खिशात गेला, डोळे मिटले.

मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त पाहत होते. बहीण-भाऊ छान, धुतल्यासारखी मराठी बोलत होती. जिथे दोघं गप्प व्हायची तिथे व्हायोलिन लगेच धावत यायचं. सगळं सुंदर होतं, खरंच. धुकं, रिकाम्या बांध्या, दूर गडावरचं देऊळ. आणि भाऊंचा चेहरा हळूहळू विझत चालला होता. एखाद्याला आपल्याच घरात कोणी ओळखू नये, तसं काहीतरी त्यांना होत असावं. माईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

मग ते दृश्य आलं. ओसरीवर भाऊ-बहीण घोंगड्या पांघरून बसली आहेत. तोंडातून वाफ निघते आहे. भाऊ विचारतो, "बाबा गेले तेव्हा तू का नाही आलीस?" बहीण बोलत नाही. आणि त्यांच्या मागे, खिडकीत, एक भलामोठा कूलर घरघरत चालू आहे.

काय झालं असेल ते मला तिथेच कळलं. मुंबईत कोणीतरी पटकथा साफ करताना न दिसणाऱ्या सगळ्या ओळी काढल्या होत्या. 'कूलर' मात्र दिसणारी वस्तू, म्हणून ती राहिली असणार. सामान आणणाऱ्यांनी वाचलं, दृश्यात कूलर पाहिजे, आणि इमानदारीने आणून लावला. लेखकाच्याच मनात काही असेल म्हणून चालूही केला. त्यावर व्हायोलिन घालायचं कोणाला सुचलं नाही. हॉल भरून नुसता कूलरचा आवाज.

मागून एक पोरगा म्हणाला, "थंडीत कूलर काहून लावून राहिले बे?" सगळा हॉल हसला.

भाऊंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत सिनेमा चालू असताना त्यांचे डोळे उघडलेले मी पहिल्यांदा पाहत होते. ते पडद्याकडे पाहत राहिले. बहिणीने अंगावरची घोंगडी घट्ट ओढली. शेजारून भाऊ म्हणाले, "हे मी लिहिलं." गालावरून पाणी वाहत होतं आणि ते आनंदाचं होतं, याबद्दल मला शंका नाही. माई म्हणाल्या, "उघडलेच आहे डोळे तं पाहून घ्या. पोट्टी चांगली दिसते." भाऊंनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, घातला आणि उरलेला सिनेमा माणसासारखा पाहिला.

पुढे कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं, की तो हिवाळ्यातला कूलर म्हणजे नात्यांमधल्या गारठ्याचं प्रतीक आहे. भाऊंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं, परत वाचायला लावलं आणि माईंना हाक मारली. "आयकलं काय? आपला कूलर प्रतीक झाला." माई आतून म्हणाल्या, प्रतीक झाला असेल, पण त्याचा पंप बदलायचा आहे.

असं लिहीत-ठोकत मलाही लिहावंसं वाटू लागलं. एक छोटी पटकथा लिहिली आणि भीत भीत त्यांना वाचून दाखवली. बाप-लेकीची गोष्ट. जिथे दोघं गप्प होतात तिथे मी अर्थातच 'कूलर' घातला होता. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा वरून विमान जात होतं. ते गेलं. मग भाऊ म्हणाले, "हा माह्या घरचा आहे. तुह्या घरी काय वाजते ते पाह्य." मला राग आला. घरी येऊन मी भांडी आपटली.

बाबा विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या फाटकावर रात्रपाळी करायचे, दुपारी घरी असायचे. मी सासर का सोडलं, हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी आपटलेली भांडी ऐकून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "सुषमा, तुले तिकडं—" आणि विमान आलं. आम्ही दोघं थांबलो, सवयीने. मी त्यांच्याकडे पाहत होते, ते माठाकडे. विमान गेलं. बाबा म्हणाले, "भात टाकून दे आता."

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. माझ्या घरात सगळे महत्त्वाचे प्रश्न असेच बदलले होते. आई होती तेव्हापासून. माणूस बोलायला लागतो, विमान येतं, आणि ते जाईपर्यंत त्याचा धीर जातो. मी पटकथा पुन्हा लिहिली. आता बाप-लेक गप्प होतात तिथे 'विमान' होतं.

ती घेऊन गेले तेव्हा हिवाळा होता. खिडकीतल्या कूलरला गोणपाट गुंडाळलेलं, पडदे उघडे, खोलीभर कोवळं ऊन. भाऊ खूप वाळले होते. खुर्चीत पाय वर घेऊन शाल पांघरून बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी वाचत गेले. पहिल्यांदा 'विमान' आलं तेव्हा त्यांच्या भुवया हलल्या. दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि तसाच हवेत धरून ठेवला. वाचून संपलं.

भाऊ बोलायला लागले, आणि खरोखरचं विमान आलं. अगदी घरावरून. तावदानं थरथरली. भाऊ थांबले नाहीत. डोळे मिटलेलेच, ओठ हलत होते. बोलणं चांगलं लांब होतं. मध्ये एकदा ते हसले, एकदा बोट वर करून काहीतरी जोर देऊन सांगितलं. मला एक शब्द ऐकू आला नाही. विमान गेलं तेव्हा त्यांचं बोलून झालं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "माईले चाय ठेवाले सांग." पुन्हा सांगा म्हणायची सोय नव्हती. मी उठून चहाचं सांगायला गेले.

होळीच्या आधी भाऊ गेले. सकाळी, झोपेतच. घरात त्रिशरण-पंचशील म्हटलं, तेव्हा गल्लीतले सगळे होते, मितालीही आली होती. अजून कूलर लावायचे दिवस आले नव्हते.

चैत्र तापू लागला तसा माईंचा निरोप आला, की एकटीने होत नाही, कूलरच्या ताट्या बदलायला ये. मी गेले. गोणपाट काढलं, धूळ पुसली, नवा वाळा भरला, पाणी सोडलं. पंप माईंनी बदलून घेतला होता. हात धुताना माईंनी विचारलं, "तुह्यं ते वाचणं आयकून काय म्हणाले होते गं ते? मी चुलीकडं होती."

मी खरं ते सांगितलं. विमान होतं, काहीच कळलं नाही. चांगलं होतं की वाईट, तेही नाही.

माई पदराला हात पुसत माझ्याकडे पाहत राहिल्या. एवढी शिकलेली पोरगी आणि एवढं कसं समजलं नाही, असं काहीसं त्यांच्या नजरेत होतं.

"चांगलंच म्हणाले असन," त्या म्हणाल्या. "वाईट बोलाचं असलं का ते विमान जाऊ देत."

मला एकदम सगळं आठवलं. मितालीचा फोन, माझा काट मारलेला कूलर. दोन्ही वेळा भाऊ विमान जाईपर्यंत थांबले होते. माईंनी बटण दाबलं आणि पलंगावर माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघी खिडकीकडे तोंड करून बसलो. त्या घरापुरता तरी मी दुसरा शब्द वापरणार नाही.

कूलर.